मुलीच्या पुढच्या दातात 'दातात दात' निघालाय, सीबीसीटी करू का?

मुलुंडची_आई
नमस्कार मंडळी. मुलगी 10 वर्षांची आहे. वरच्या पुढच्या दोन मोठ्या दातांच्या शेजारचा डावीकडचा दात, त्याच्या हिरडीवर फोड येतो, फुटतो, पू जातो, परत भरतो. कीड दिसत नाही, कधी तोंडावर पडलीही नाही, फक्त दात जरा जाड आणि टोकदार आहे. जवळच्या डॉक्टरांनी छोटा एक्स-रे काढला, म्हणाले डेन्स इनव्हॅजिनेटस आहे, म्हणजे तेच 'दातात दात', मुळाची रचना नीट कळत नाहीये, सीबीसीटी (दाताचा थ्रीडी एक्स-रे स्कॅन) करून आणा. दुसरीकडे विचारलं तर स्कॅनबिन न बघता सांगितलं की काढून टाका, मोठी झाली की इम्प्लांट बसवू. सासूबाईंना एवढ्याशा पोरीला रेडिएशन नको वाटतंय. काय करू, खरंच घाबरलेय.

रूटकॅनॉलवाला_गिरगाव
ताई, दात काढायचं तूर्त डोक्यातून काढा. हा दात तयार होत असताना, कडक व्हायच्या आधीच, इनॅमल बाहेरून आत वळलेलं असतं, हातमोज्याचं बोट आत ढकलावं तसं. टाळूच्या बाजूला बारीक छिद्र राहतं, तिथे ब्रश पोचत नाही, जंतू आत जातात, म्हणून वरून कीड नसताना पू.

ओहलर्स यांनी 1957 मध्ये याचे तीन प्रकार सांगितले, आजही तेच वापरतो. पहिल्यात वळलेला भाग दाताच्या हिरडीबाहेर दिसणाऱ्या भागातच थांबतो. दुसऱ्यात मुळात शिरतो पण आत बंद असतो. तिसऱ्यात मुळातून आरपार जाऊन बाजूला किंवा टोकाला उघडतो, आणि सगळा फरक इथेच पडतो, कारण तिसऱ्यात पू त्या वेगळ्या वाटेने येत असतो आणि दाताची खरी नस बऱ्याचदा जिवंत असते. मग फक्त ती वाट साफ करून भरायची, नसेला हात लावायचा नाही. 10 व्या वर्षी या दाताचं मूळ पूर्ण झालेलं नसू शकतं, नस जिवंत राहिली तरच ते नीट वाढतं. साध्या एक्स-रेत सगळं एकावर एक पडतं, कुठली वाट कुठे जाते ते कळत नाही. सीबीसीटीत मिलिमीटरच्या काही दशांशाचे काप बघता येतात.

पण नस जिवंत आहे का ते स्कॅन सांगत नाही. त्यासाठी थंड टेस्ट करायची (दाताला थंड लावून जाणवतं का बघायचं), शेजारच्या चांगल्या दाताशी ताडून, कारण लहान मुलांत ती कधीकधी फसवते.

एक्सरे_टेक्निशियन_भांडुप
रेडिएशनचं मी सांगतो. आख्खा जबडा स्कॅन करायची गरजच नाही, चिठ्ठीवर डॉक्टरांकडून 'स्मॉल फील्ड' लिहून घ्या, साधारण 5 बाय 5 सेंटीमीटर. त्याचा डोस मशीनप्रमाणे बदलतो पण बहुतेक वेळा दोन आकडी मायक्रोसीव्हर्ट (रेडिएशन मोजायचं एकक), आणि आपल्याला निसर्गातूनच वर्षाला सरासरी 2400 च्या आसपास मिळतात. तरी मुलांच्या पेशी जास्त नाजूक, त्यामुळे उगाच काढायचा नाही हे सासूबाईंचं बरोबरच आहे, इथे मात्र उगाच नाहीये. तिला आधी सांगून ठेवा की मशीन फिरेल तेवढा वेळ अजिबात हलायचं नाही, हलली तर इमेज अंधुक येते आणि परत काढावा लागतो. आणि नुसते प्रिंट घेऊ नका, डायकॉम फाइल (स्कॅनची मूळ डिजिटल फाइल) मागा, डॉक्टरला स्क्रीनवर फिरवून बघता आली पाहिजे.

दादरचा_बाबा
आमच्या मुलाचं सेम, तिसरा प्रकार. स्कॅनमध्ये वेगळी वाट दिसली, मग मायक्रोस्कोपखाली तेवढीच साफ करून एमटीए (मूळ बंद करायचं खास सिमेंट) भरलं, नस तशीच ठेवली. नंतरच्या एक्स-रेत मुळाशी हाड परत भरलेलं दिसलं तेव्हा जीव भांड्यात पडला. खाजगीत खर्च झेपत नसेल तर मुंबई सेंट्रलचं नायर डेंटल किंवा सीएसएमटीजवळचं सरकारी डेंटल कॉलेज, तिथे नक्की विचारा, रांग असते पण शिकवणारे डॉक्टर स्वतः बघतात.

मुलुंडची_आई
सगळ्यांचे मनापासून आभार, स्कॅन करतेय. एकच अजून, आत्ता आरशासमोर नीट बघितलं तर उजवीकडचा तोच दातही थोडा टोकदार वाटतोय, पण तिथे काहीच त्रास नाही.

रूटकॅनॉलवाला_गिरगाव
बरं झालं सांगितलंत. हे दोन्ही बाजूंना असू शकतं. तो दात आधी तपासून घ्या, छिद्र असेल तर आत्ताच साफ करून सीलंटने किंवा कॉम्पोझिटने बंद करायचं, पू व्हायची वाट बघायची नाही. आणि स्कॅन बुक करताना दोन्ही दात त्याच छोट्या फ्रेममध्ये घ्यायला सांगा, बहुतेक मावतात, म्हणजे वेगळा स्कॅन लागणार नाही.