निळा धूर म्हणजे बोअर गेलाच असं नाही

गाडीच्या सायलेन्सरमधून येणारा निळा धूर आणि कमी पिकअप एवढ्यावरूनच मेकॅनिक बोअर-पिस्टन (बोअर म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली होतो तो सिलिंडर) बदलायला सांगत असेल, तर कृपया घाई करू नका. आधी धूर कधी येतो ते बघा. रात्रभर उभी गाडी सकाळी सुरू करताना भसकन येऊन थांबत असेल, तर संशय व्हॉल्व्हच्या ऑईल सीलवर, म्हणजे व्हॉल्व्हपाशी ऑईल अडवणाऱ्या रबरावर. ते काम बरंच स्वस्तात होतं. चालताना, रेस दिल्यावर सतत येत असेल तर मात्र संशय पिस्टनवरच्या रिंगांवर.

खात्रीसाठी कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरमधला दाब मोजायचं मीटर) लावायला सांगा. थ्रॉटल पूर्ण उघडून रीडिंग घ्यायचं, मग प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑईल सोडून पुन्हा घ्यायचं. आकडा चांगला वाढला तर रिंगा किंवा बोअर झिजलाय. जवळपास तेवढाच राहिला तर गळती बहुधा व्हॉल्व्हमधून किंवा हेड गॅस्केटमधून (सिलिंडर आणि त्यावरच्या हेडमधलं पॅकिंग). टॅपेट जास्त टाईट असले, म्हणजे व्हॉल्व्हजवळची ठरावीक फट कमी असली, तरी व्हॉल्व्ह नीट बसत नाही आणि कॉम्प्रेशन पडतं, म्हणून इंजिन थंड असताना तेही तपासून घ्या. अनेक गॅरेजमध्ये हे न बघताच हेड उतरवतात, याचं फार वाईट वाटतं.

बोअरचं काम करावंच लागलं तर जुना पिस्टन मागून घ्या, उभे ओरखडे दिसले तर ऑईल पंपही तपासायला लावा.