दुसऱ्या गिअरमध्ये रेस दिली की गाडी उजवीकडे ओढते, अलाइनमेंट दोनदा करून झालं

वाईकर_अपडाऊन
नमस्कार. वाई ते सातारा रोजचं जाणं-येणं आहे. 2014 ची पेट्रोल हॅचबॅक, 1.2 इंजिन, मॅन्युअल गिअर, 78 हजार किमी झालेत. दीड महिन्यापासून एक त्रास सुरू आहे. आनेवाडी टोलनाक्यावर दांडी वर गेली की मी पहिला, लगेच दुसरा टाकून निघते, आणि नेमकं तेव्हाच स्टिअरिंग उजवीकडे जातं. दंडाला धरून कुणीतरी बाजूला घ्यावं तसं. उजव्या हाताला बूथचा सिमेंटचा कठडा, त्यामुळे रोज सकाळी पोटात गोळा. एकदा चौथ्या-पाचव्यात स्पीड धरला की काही नाही, ऐंशीला गाडी सरळ.

आतापर्यंत केलेलं: हवा चारही चाकांत 33, टायर थंड असताना. अलाइनमेंट दोन वेगळ्या ठिकाणी, 500 आणि 600 रुपये. दोन्ही कागदांवर सगळे आकडे हिरवे. दुसऱ्या ठिकाणच्या पोराने कागद मला दाखवलाच नाही. मिस्टरांच्या हातात दिला आणि म्हणाला, "दादा, मॅडमचा हात जड असेल." मिस्टरांकडे लायसन्ससुद्धा नाही.

रस्त्याच्या उताराचा प्रश्न नसावा. आपल्याकडे रस्ता डाव्या कडेला उतरता असतो, मग गाडी डावीकडे जायला हवी. नक्की काय तपासायला सांगू? आणि कोणत्या शब्दांत सांगू, म्हणजे समोरचा नवे टायर विकायला बसणार नाही?

पहाटेचा_पॅसेंजर
टायरच बघा आधी. माझ्या गाडीत एका टायरच्या आतला पट्टा सरकला होता, वरून काही म्हणजे काही दिसत नव्हतं. पुढची दोन चाकं डावी-उजवी बदला. ओढ बाजू बदलली तर टायर, नाहीतर नाही. पैसे लागत नाहीत. फक्त टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर हा प्रयोग नको.

वाईकर_अपडाऊन
बाण नाही. रविवारी दारातच बदलली, मीच. जॅक एकच, म्हणून स्टेपनी मध्ये घेऊन गाडी तीनदा उचलावी लागली. शेजारचे काका पूर्ण वेळ कंपाउंडवर हात ठेवून उभे. फरक शून्य. अजून उजवीकडेच.

चाकणचा_रहिवासी
याला टॉर्क स्टिअर म्हणतात. इंजिन आडवं बसवलेलं आणि गिअरबॉक्स एका बाजूला, त्यामुळे दोन्हीकडचे एक्सल, म्हणजे चाकांना जोर पोचवणारे दांडे, कमी-जास्त लांबीचे. लांबी वेगळी म्हणून त्यांचा कोन वेगळा, मग जोर आला की सीव्ही जॉइंट, म्हणजे एक्सलच्या टोकांचे वळणारे सांधे, दोन्ही चाकांना सारखं राहू देत नाहीत. पुढच्या चाकांना ड्राइव्ह असलेल्या गाड्यांचा हा स्वभावच आहे. निघताना रेस हळू द्या, झालं.

उद्यमनगरी
स्वभाव असता तर इतकी वर्षं कुठं गेला होता? एक्सल 2014 लाही कमी-जास्तच होते की. तुमचं शास्त्र बरोबर आहे साहेब, पण 1.2 च्या इंजिनात एवढा जोर नसतो की माणसाला कठडा दिसावा. आधी होत नव्हतं आणि आता फक्त जोर आल्यावर होतंय, म्हणजे कुठंतरी काहीतरी सैल झालंय.

ताई, कोल्हापुरात 26 वर्षं खालून गाड्या बघितल्यात, म्हणून सांगतो. अलाइनमेंटचं मशीन उभ्या गाडीचं माप घेतं. उभ्या गाडीत सगळं आपापल्या जागी बसलेलं असतं, कागद हिरवा येणारच. चाकाला पुढं-मागं सरकू न देणं हे काम लोअर आर्मचं. तो आर्म गाडीला धरलेला असतो दोन रबरी बुशांवर. त्यातला मागचा मोठा बुश फाटला की रेस दिल्यावर चाक जरा पुढं पळतं, रेस सोडली की मागं येतं. एकाच बाजूचा फाटलेला असेल तर दोन चाकांची तोंडं सारखी राहत नाहीत, आणि स्टिअरिंग हातातून जातं. कोणत्या बाजूचा फाटलाय हे मात्र ओढीच्या दिशेवरून छातीठोक सांगता येत नाही.

मोकळ्या सरळ रस्त्यावर, मागं कोणी नसताना एवढंच करा. दुसऱ्यात रेस द्या. मग पाय उचला. परत रेस द्या आणि क्लच दाबा. तिन्ही वेळा गाडी कुठं जाते ते इथं लिहा. ब्रेकचं कॅलिपर अडकलेलं असेल तर क्लच दाबूनही ओढेल, आणि त्या चाकाजवळ हात नेला तरी धग लागेल.

वाईकर_अपडाऊन
आज सकाळी सहाला पाचवडच्या अलीकडे केलं. रेस दिली, उजवीकडे. पाय उचलला, डावीकडे, चक्क झटका. क्लच दाबला, एकदम सरळ, दोन बोटांवर स्टिअरिंग. उतरून चाकांजवळ हात नेला, चारही सारखी.

आणि एक आठवलं. जुलैत पसरणी घाटात पाण्याने भरलेल्या खड्ड्यात पुढचं डावं चाक आपटलं होतं. तेव्हापासून गाडी निघताना पायाखालून "टक्" असा एकच आवाज येतो. मी समजत होते सीटखाली पाण्याची बाटली घरंगळते.

उद्यमनगरी
बाटली नव्हे, बुशच. आता गॅरेजला जाऊन "ओढते" म्हणूच नका, परत अलाइनमेंटला पाठवतील. म्हणा, "लोअर आर्मचे मागचे बुश टॉमी लावून हलवून दाखवा." टॉमी म्हणजे लोखंडी पहार.

त्याआधी गाडी खालीच असताना एक गंमत बघा. मागच्या चाकांना दोन्हीकडून विटा, हँडब्रेक पूर्ण. मेस्त्रीने आत बसून पहिल्यात क्लच थोडा सोडून जोर द्यायचा, मग रिव्हर्समध्ये तसंच. गाडीच्या पुढं-मागं कोणी नको. तुम्ही बाजूला दोन हात लांब उभ्या राहा आणि चाक आणि मडगार्ड यांच्यातली फट बघा. आधी एका बाजूने, मग दुसऱ्या.

बसवताना एकच हट्ट धरा. गाडी हवेत असताना आर्मचे बोल्ट नुसते लावून घ्यायचे. शेवटचा टाइट गाडी चाकांवर उभी केल्यावर. हवेत आवळले तर गाडी खाली आल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. घाईत हे कोणी करत नाही, म्हणून समोर उभ्या राहा. जमल्यास दोन्हीकडचे एकदमच बदला.

चाकणचा_रहिवासी
इंजिनची माउंटिंग, म्हणजे इंजिन ज्या रबरी आधारांवर बसतं ती, आणि सबफ्रेमचे, म्हणजे लोअर आर्म ज्या खालच्या सांगाड्याला धरलेले असतात त्याचे, बोल्टही बघायला सांगा. माउंटिंग दबलं तरी एक्सलचा कोन बदलतो. आणि "स्वभाव" हा शब्द मागे घेतो.

वाईकर_अपडाऊन
झालं. डावाच निघाला.

मेस्त्री आत, मी बाहेर. उजवीकडची फट होती तशी. डावं चाक पहिल्यात पुढे गेलं आणि रिव्हर्समध्ये मागे आलं, अंगठ्याच्या रुंदीएवढं, आणि तोच "टक्". मेस्त्रींना आतून ऐकू आलं, ते काही न बोलता उतरले आणि जॅक आणायला गेले. माउंटिंग आणि सबफ्रेम ठीक आहेत.

काढलेला बुश मागून घेतला, आत्ता समोर टेबलावर आहे. रबर एका बाजूने लोखंडापासून सुटलंय. दाबलं की फुगलेल्या भाकरीचा पापुद्रा सुटावा तसं तोंड उघडतं, आणि आत लाल माती वाळून बसलीये, म्हणजे पसरणीचीच. नुसता बुश वाईत मिळेना, साताऱ्याहून दोन्हीकडचे पूर्ण आर्म मागवले. मजुरी धरून 4,300. शेवटच्या टाइटला मेस्त्री म्हणाले, "असं कोण करतं हो?" पण गाडी खाली घेऊन, गोणपाटावर पाठ टेकून केलं. नंतर तिसऱ्यांदा अलाइनमेंट, अजून 500. या वेळी टो, म्हणजे चाकांची तोंडं आत-बाहेर किती वळलीयेत तो आकडा, लाल होता, तो सरळ करून घेतला. कागद माझ्या हातात दिला.

उद्यमनगरी काका, आज नाक्यावर दांडी वर गेली, दुसरा टाकला, आणि गाडी डावीकडे गेली. काळजात धस्स झालं. मग लक्षात आलं, दीड महिन्याच्या सवयीने मीच स्टिअरिंग डावीकडे धरून निघाले होते.