मदत हवी आहे: मांड्याची कणीक हातावर फाटतेय, नेमका कोणता बंध सुटतोय?

चोपड्याची लेक (सोमवार, रात्री १०:२०)
शुक्रवारी आखाजी (अक्षय्य तृतीया) आहे. आमच्या खानदेशात तेव्हा मांडे होतात, म्हणजे हातावर पसरून खापरावर (मातीच्या उलट्या भांड्यावर) भाजायची मोठी पुरणपोळी. तीन दिवसांत चार वेळा कणीक भिजवली. चारही वेळा मांडा मनगटाच्या पुढे सरकला की मधोमध फाटतो आणि पुरण खाली. गेल्या वर्षापर्यंत मांडे आईच करायची, आता तिचा खांदा धरलाय, हात वर जात नाही. मी बारावीला रसायनशास्त्र शिकवते. ग्लायाडिन आणि ग्लूटेनिन ही गव्हातली प्रथिनं, सिस्टीन या अमिनो आम्लातलं गंधक, दोन गंधकांमधला डायसल्फाइड बंध हे सगळं फळ्यावर काढून देते. पण परातीत ते जुळत नाहीये. गहू चांगला आहे, तिंबतेही भरपूर. चूक कुठे आहे? "सवयीने जमेल" एवढं मात्र कोणी सांगू नका.

भुसावळ जंक्शन
चांगला म्हणजे कोणता? लोकवन की बन्सी? बन्सीचं पीठ ताठ असतं, शेवयांना छान, हातावर पसरायला नाही. दळलं कधी? चाळलं कशाने? पाणी किती?

खापरवाली मावशी
बाई, निम्मा मैदा घाल आणि मोकळी हो. आमच्याकडे लग्नात शंभर-शंभर मांडे होतात, सगळे मैद्याचे.

चोपड्याची लेक
लोकवन आहे, घरचाच. मैदा नको मावशी, आईने कधीच घातला नाही. पाणी अंदाजाने घेते, कणीक सैलच असते.

भुसावळ जंक्शन
दळलं कधी आणि चाळलं कशाने, हे राहिलंच.

रेणूंचा नाद
मॅडम, प्रथिनाचा आकार समजायचा तर रामचंद्रन आलेखापासून सुरुवात करा. जी. एन. रामचंद्रन आणि सहकाऱ्यांनी १९६३ साली मद्रासहून तो मांडला. प्रथिनाची (पेप्टाइड) साखळी कोणत्या कोनांत वळू शकते आणि कोणत्या कोनांत अणू एकमेकांवर आदळतात, ते त्यात दिसतं. त्याआधी १९५१ साली पॉलिंग आणि कोरी यांनी हायड्रोजन बंधांनी बांधलेली अल्फा हेलिक्स, म्हणजे साखळीचं मळसूत्री वेटोळं, सांगितली होती. वर्गात हे जरूर शिकवा.

खापरवाली मावशी
पोरीचा मांडा फाटतोय आणि तुम्ही आलेख काय दाखवताय?

जुनी प्रयोगशाळा
ताई, डायसल्फाइड बंध तोडायला साधारण २५० किलोज्यूल प्रति मोल लागतात, हायड्रोजन बंधाला त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. कणकेला दोन्ही हवेत. गंधकाचे बंध ग्लूटेनिनच्या साखळ्या एकमेकींना बांधून ठेवतात. हायड्रोजन बंध सुटतात आणि पुन्हा जुळतात, म्हणून कणीक ओढली जाते. ग्लूटेनमध्ये (ग्लूटेनिन आणि ग्लायाडिन पाण्यात जुळून होतं ते) ग्लूटामिन हे अमिनो आम्ल भरपूर, जवळजवळ तिसरा हिस्सा, आणि हे बंध जुळवायला ते मोठं कामाचं. ग्लायाडिनचे गंधकबंध स्वतःच्याच घडीत असतात, त्यामुळे ते ओघळ देतं, ताकद देत नाही. तुमची कणीक ओढली जाते आणि मग फाटते, म्हणजे मोठ्या साखळ्याच तुटक्या राहताहेत. आता खरं सांगा, पीठ त्याच दिवशी दळून आणता का?

चोपड्याची लेक
हो. सकाळी चक्कीवरून आणते, दुपारी भिजवते. ताजं असावं म्हणून मुद्दाम. आणि नेहमीच्या चाळणीने चाळते, पोळ्यांना तेच चालतं.

जुनी प्रयोगशाळा
सापडलं. गव्हाच्या अंकुरात ग्लूटाथायोन असतं. तीनच अमिनो आम्लांचा छोटा रेणू, पण त्यात मोकळा गंधक. तो साखळ्यांमधल्या गंधक-गंधक जोडात शिरतो, जोड फोडतो आणि एका बाजूला स्वतः चिकटून बसतो. साखळी तिथेच संपते. पीठ काही दिवस हवेत राहिलं की तो ऑक्सिडाइझ होतो आणि त्याचा जोर उतरतो. दुसरं म्हणजे कोंडा. कोंड्याचे कण ग्लूटेनचा पातळ पडदा टोचून फाडतात. पोळी जाड असते म्हणून ते कळत नाही, मांड्यात लगेच कळतं.

मेडिकलवाला दादा
मग क जीवनसत्त्वाची गोळी कुटून टाका की! परदेशात ब्रेडच्या पिठात घालतातच. पोटॅशियम ब्रोमेटही घालायचे, आपल्याकडे २०१६ साली बंदी आली.

जुनी प्रयोगशाळा
क जीवनसत्त्व चालतं हे खरं, पण किलोला चिमूटभरही नको असतं, आणि गोळीत रंग, साखर, आंबटपणा असतो. सणाच्या पुरणपोळीत कशाला? वेळ आणि हवा तेच काम करतात.

मेडिकलवाला दादा
ताईंना शुक्रवारी करायचंय, वेळ कुठून आणणार?

यावलचा केळीवाला
वेगळा विचारतो. केळीच्या घडावर काळे डाग पडताहेत, तेही प्रथिनामुळे का?

भुसावळ जंक्शन
भाऊ, नवा धागा काढा.

पारोळ्याची सून
मन्ही माय गहू धुई, ओले फडक्यात बांधी ठेवे, मग दळे. ओलवल्याने कोंडा चिवट होतो, त्याचा चुरा होत नाही, मोठाच निघतो. मग पीठ जुन्या सुती लुगड्यातून गाळायचं. वस्त्रगाळ सपीट हाताला पावडरीसारखं लागतं. चाळणीचं पीठ मांड्याला चालतच नाही. मीठ घालता की नाही?

चोपड्याची लेक
मीठ नाही घातलं. गोड पदार्थ आहे म्हणून.

जुनी प्रयोगशाळा
मीठ घालाच! साखळ्यांवरचे सारखे विद्युतभार एकमेकांना लोटतात, मीठ त्यांच्या मधे येतं आणि साखळ्या जवळ येतात. आणि भिजवल्यावर किती वेळ ठेवता?

चोपड्याची लेक
अर्धा तास. बाकी मी कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी करते ती पटकन होते ना, म्हणून तेवढाच पुरेल वाटलं.

पारोळ्याची सून
ताई, कळण्याची गोष्टच वेगळी! ज्वारीत असं ग्लूटेन कुठे? ते उकळत्या पाण्याने फुगलेल्या पिष्टावर (स्टार्चवर) जुळतं. गव्हाला वेळ द्यावा लागतो. किमान दोन तास, ओलं फडकं टाकून, आणि मधे दोनदा तेलाच्या हाताने तिंबून.

जुनी प्रयोगशाळा
वर्गासाठीही सोपी चाचणी. सपिटाचा आणि चक्कीच्या ताज्या पिठाचा असे सारखे गोळे करा, वीस मिनिटं पाण्यात ठेवा, मग नळाखाली हळूहळू धुवा. दुधासारखं पांढरं पाणी जातं ते पिष्ट. हातात राखाडी, रबरासारखं उरतं ते ग्लूटेन. कोंड्याच्या पिठाचं ग्लूटेन हातातच तुकडे होऊन गळेल.

चोपड्याची लेक (शुक्रवार, सायंकाळी ६:५०)
कालच लिहायचं होतं, पण हात पिठात होते. शेजारच्या काकूंकडे दहा दिवसांपूर्वी ओलवून दळलेलं सपीट होतं, त्यांनी दिलं. आईच्या जुन्या लुगड्यातून पुन्हा गाळलं. मीठ घातलं. अडीच तास ठेवलं, तीनदा तिंबलं. धुण्याची चाचणीही केली. सपिटाचं ग्लूटेन दोन बोटांत ताणलं तर त्यातून खिडकी दिसत होती. चक्कीच्या पिठाचं चिमटीतच तुटलं. बारावीच्या मुलांना हे दाखवायचंच.

पहिला मांडा फाटला. दुसरा कोपरापर्यंत आला. खाटेवर बसलेल्या आईने नुसतं "कड जाड राहिलीय" म्हटलं. तिसऱ्याची कड पातळ झाली आणि खापरावर पसरताना एकदाही ओढ बसली नाही. सोबत आमरस होता. आईने दोन खाल्ले.

खापरवाली मावशी
मैदा नाही ना घातलास शेवटी?

चोपड्याची लेक
नाही मावशी.

यावलचा केळीवाला
खापर कुठून आणलं ते सांगा, आमचं आजच तडकलं.