चित्रपुस्तकातून राग-रुसवा कसा शिकवायचा?

प्रश्न (वाळवा तालुका): दुसरीचा वर्ग, पट 28. गोष्ट संपली की पोरं एका सुरात "भांडू नये" म्हणतात. पुढं गाडीच सरकत नाही.

कराडकर: तात्पर्य विचारलंत की तेच मिळणार! मजकूर झाकून आधी नुसती चित्रं दाखवा. भांडणाच्या पानावर थांबा: "हिच्या भुवया बघा, मूठ बघा. काय वाटत असेल हिला?" मग पाच सेकंद गप्प. घाईनं आपणच उत्तर देतो, तिथं सगळं फसतं.

जतची बाई: 28 जणांत मागच्यांना चित्र दिसत नाही, सात-सातचे गट करा. आणि "तुझ्या घरी भांडणं होतात का?" हे चारचौघांत कधीच नको.

माणदेशी: तेच पुस्तक आठवड्यात तीनदा घ्या. तिसऱ्यांदा शेवटाआधी थांबून जोडीनं अभिनय. हंगामात ऊसतोड कामगारांची मुलं वर्गात आली, तर त्यांच्या बोलीतलं उत्तर तसंच फळ्यावर लिहा.