मदत हवी आहे : घोडीला नाल ठोकावी की खूर मोकळेच ठेवावेत?

नमस्कार मंडळी. माझी मारवाडी घोडी फक्त रपेटीसाठी आहे. गंगापूर धरणाकडच्या शेतमातीवर ती बिननालीची छान चालते. पण त्र्यंबक रोडच्या डांबरावर किंवा टेकडीच्या मुरमावर गेलो की पुढचे पाय जपून टाकते, कडेची माती शोधते. पुढच्या खुरांच्या कडाही झिजल्यात. पशुवैद्यांनी पाहिलंय, आजार नाही. खूर महिन्याला साधारण 6 ते 10 मिलिमीटर वाढतो. झीज त्याहून जास्त झाली तर नाल लागणार, हे कळतं.

मन मात्र धजत नाही. मोकळा खूर टेकताना किंचित पसरतो आणि धक्का सोसतो, नालेने ते कमी होतं. शिवाय दर 6 ते 8 आठवड्यांनी नाल काढून, खूर तासून पुन्हा बसवायची. खिळा जरा आत गेला तर घोडी लंगडते, याचीच मला जास्त धास्ती आहे.

फक्त पुढच्या दोन पायांना नाल पुरेल का? खुराचे बूट कोणी वापरलेत का, आपल्याकडच्या पावसाळी चिखलात ते टिकतात का? आणि नाशिक, सिन्नर, निफाड भागात घाई न करता काम करणारा नालबंद माहीत असेल तर कृपया कळवा.