जिम्नीच्या छतासाठी बसका कॅरियर बनवतोय. लोखंड का नको, ते सांगतो. पटत नसेल तर खोडा

लोकमान्यनगरचा जिम्नीवाला
जिम्नी म्हणजे मारुतीची छोटी जीपसारखी गाडी. चौघं बसल्यावर तिच्या डिकीत 208 लिटर जागा उरते. दोन बॅगा गेल्या की ती संपली. मग फावडं, ताडपत्री, दोर आणि चिखलात चाकाखाली सारायच्या दोन पाट्या मुलांच्या पायाशी येतात. पावसाळ्यात मांडूहून परतताना या पाट्यांची काळी माती मागच्या सीटवर अशी बसली की दोनदा धुऊनही डाग गेला नाही. त्यामुळे छतावर कॅरियर हवा, एवढं घरात ठरलंय.

तयार कॅरियर पाहून आलो. सगळे टोपलीसारखे. चारी बाजूंनी कठडा, तळाला जाळी, पुढे लाइटांसाठी पट्टी. एक दुकानात काट्यावर ठेवायला लावला, तो 34 किलो भरला. छतासाठी मी 30 किलोची मर्यादा धरून चाललोय आणि कॅरियरचं स्वतःचं वजन त्यातच मोजायचं असतं. म्हणजे तो रिकामाच मर्यादेच्या बाहेर. दोरी बांधायच्या आधीच गणित संपलं.

म्हणून स्वतः बनवतोय. दीड मीटरच्या दोन बाजूपट्ट्या, 1.1 मीटरच्या पाच आडव्या पट्ट्या, एकूण साडेआठ मीटर माल. कठडा नाही, जाळी नाही. अ‍ॅल्युमिनियमची 40 बाय 20 ची चौकोनी पाईप, 2 मिमी जाडीची, चपटी ठेवून. मीटरला साधारण 600 ग्रॅम, म्हणजे सांगाडा पाच किलोच्या आसपास. छत आणि पाईप यांत 25 मिमी फट, त्यावर 20 मिमीची पाईप. वरची कड छतापासून 45 मिमीवर. इंदूरजवळच्या कजलीगढच्या वाटेवर फांद्या छताला घासतात. तिथे हा बसकेपणा मला रंगरूपापेक्षा महत्त्वाचा वाटतो.

छताला एकही भोक पाडणार नाही. जिम्नीला दोन्ही बाजूंना पावसाच्या पाण्याचं गटर आहे, त्याला सहा पायांनी पकडायचं.

लोखंड नको, असं माझं ठाम मत आहे. बोला.

पत्रा आणि पाईप
सांवेर रोडला माझं फॅब्रिकेशनचं काम आहे, रोज हेच करतो. दादा, कठडा आणि जाळी काढलीस हे उत्तम केलंस, निम्मं वजन तिथेच असतं. पण लोखंडाला उगाच नावं ठेवतोयस.

25 बाय 25 ची एमएस, म्हणजे साध्या लोखंडाची पाईप, 1.6 मिमीची, मीटरला 1.18 किलो. तुझ्या साडेआठ मीटरला दहा किलो. तुझं अ‍ॅल्युमिनियम पाच. पाच किलोच्या फरकासाठी काय सोडतोयस ते बघ. अ‍ॅल्युमिनियमचा ताठपणा लोखंडाच्या एक तृतीयांश. 40 बाय 20 उभी ठेवलीस तर माझ्या पाईपच्या बरोबरीला येते, थोडी पुढेही जाते. पण तुला बसका हवा म्हणून तू ती चपटी ठेवणार. मग ताठपणा माझ्या पाईपच्या एक तृतीयांशाहून जेमतेम जास्त उरतो. हलकं आणि बसकं दोन्ही एकदम मागितलं की अ‍ॅल्युमिनियम अडतं, कारण त्याची ताकद उंचीतून येते.

दुसरं, सियागंजात किंवा लोहामंडीत जे सेक्शन मिळतं ते खिडक्यांचं, 6063 नंबरचं अ‍ॅल्युमिनियम. मऊ माल. अ‍ॅल्युमिनियमला लागणारं आर्गन गॅसचं वेल्डिंग केलंस की जोडाच्या आजूबाजूचा भाग आणखी मऊ पडतो. आणि तुटलं तर? चोरलच्या पुढे कुठल्याही गावात लोखंडाला टाका मारणारा भेटतो. आर्गनवाला कुठे शोधशील?

चोरलवारी
मला मूळ प्रश्नच मान्य नाही. छतावर काही ठेवूच नये.

गाडी 1200 किलो धरा, गुरुत्वमध्य जमिनीपासून 65 सेंटीमीटरवर धरा. छतावर 180 सेंटीमीटर उंचीला 30 किलो ठेवले की मध्य पावणेतीन सेंटीमीटर वर सरकतो. सपाट रस्त्यावर कळणार नाही. पण एक चाक खड्ड्यात आणि दुसरं दगडावर असताना, गाडी आधीच कललेली असताना, तेच पावणेतीन सेंटीमीटर चुकीच्या बाजूला ओढतात. जिम्नी अरुंद आहे, 1645 मिमी रुंद आणि 1720 उंच. अशा गाडीच्या डोक्यावर ओझं द्यायचं म्हणजे तिचा मोठा गुण आपल्या हातानं कमी करायचा.

मी आणि माझी बहीण दोघीच फिरतो. मागची सीट पाडतो, 332 लिटर मिळतात, सगळं खाली आणि घट्ट बांधलेलं. तुम्ही चौघं जाता हे मान्य. मग सामान कमी करा, किंवा मागच्या दारावर, स्टेपनीच्या बाजूला पिशवी लावा.

लोकमान्यनगरचा जिम्नीवाला
ताई, हिशेब बरोबर आहे आणि तो मी टाळत नाही. पण त्यात 30 किलो धरलेत. माझा कॅरियर पायांसकट आठ किलोत बसवायचा आहे. पाट्यांची जोडी सात, फावडं दोन, ताडपत्री तीन, दोर दोन. एकूण 22. मग मध्य दोन सेंटीमीटर वर जातो. पाणी, गॅस, डबे वर जाणारच नाहीत, ते खालीच. स्टेपनीवर पिशवी लावली तर तेच वजन मागच्या अ‍ॅक्सलच्याही मागे लटकतं आणि दाराच्या बिजागऱ्यांवर येतं. मला ते छतापेक्षा बरं वाटत नाही.

आता भाऊंना उत्तर. तुमचा एक तृतीयांशाचा मुद्दा कागदावर मांडला. 1.1 मीटरच्या पट्टीच्या मधोमध दहा किलो ठेवले तर तुमची लोखंडी पाईप एक मिमी वाकते, माझी चपटी अ‍ॅल्युमिनियमची पावणेतीन मिमी. खड्ड्यात तिप्पट धक्का धरा, आठ मिमी. छत 25 मिमी खाली आहे. म्हणजे ताठपणा कमी आहे हे खरं, पण तो मला लागतोय कुठे? सहा-सात किलोच्या पाट्यांसाठी लोखंडाचा ताठपणा विकत घ्यायचा आणि पाच किलो कायमचे डोक्यावर वागवायचे, हे मला पटत नाही.

वेल्डिंग करणारच नाही. कोपऱ्यांना आतून अँगल आणि नट-बोल्ट. भोकं टोकांजवळ, मध्यावर एकही नाही, कारण जास्तीत जास्त ताण मध्यावर येतो. बोल्ट स्टीलचे, म्हणून मध्ये नायलॉनचे वायसर. नाहीतर पावसाच्या पाण्यात स्टीलला लागून असलेलं अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं.

पत्रा आणि पाईप
पाट्यांचा हिशेब केलास, माणसाचा केला नाहीस. गाडी धबधब्याजवळ थांबली की पोरं वर चढतात. तिंछाला मी दर रविवारी बघतो. 75 किलोचा माणूस तुझ्या पट्टीच्या मधोमध उभा राहिला तर 6063 तिथेच कायमची वाकू शकते. माझी पाईप लवते आणि सरळ होते. कॅरियर बनवताना माणूस धरूनच बनवावा, हे मला माझ्या उस्तादानं पहिल्या दिवशी शिकवलं.

लोकमान्यनगरचा जिम्नीवाला
भाऊ, इथेच माझं तुमच्याशी खरं भांडण आहे, आणि आदर ठेवून मांडतो.

माणूस वर चढला तर वजन कॅरियरवर थांबत नाही. पायांतून गटरमध्ये जातं. गटर म्हणजे दोन पत्र्यांच्या कडा जुळवून ठिपक्या-ठिपक्यांनी वेल्ड केलेली पट्टी. 75 किलो आणि वर उडी, हे त्या कडेसाठी बनवलेलं नाही. तुमची पाईप सरळ राहील, पण ती ज्यावर उभी आहे ती कड वाकेल. पाईप बदलायला एक दुपार पुरते. गटर वाकलं, रंग फुटला, आत गंज शिरला, तर छताचं काम काढावं लागतं. वाकायचंच असेल तर आधी माझी पट्टी वाकावी, असं मी मुद्दाम ठरवलंय. आणि वर कुणी चढायचं नाही हे मुलांना आत्ताच सांगून झालंय.

जुनी जिप्सी
मी यातला सगळ्यात म्हातारा असावा. माझ्याकडे अजून मारुतीची जुनी जिप्सी आहे, तिच्यावर गोल पाईपचा लोखंडी कॅरियर मी 1990 च्या दशकात बसवला होता. तो तुटला कधीच नाही. पण त्यानं मला दोन गोष्टी शिकवल्या, त्या सांगतो.

पहिली, आवाज. गोल पाईपला आडवा वारा लागला की मागे भोवरे एकदा वरून, एकदा खालून सुटतात, ठराविक तालात. पंचवीस मिमीची पाईप आणि ताशी 80 चा वेग असेल तर सेकंदाला सुमारे 180 वेळा. महूच्या पुढे रस्ता मोकळा झाला की डोक्यावर तंबोरा सुरू होई, बायको खिडकी उघडून बसे. उपाय स्वस्त निघाला. पुढच्या पाईपला नायलॉनची दोरी मळसूत्रासारखी गुंडाळली. भोवरे एकाच तालात सुटेनासे झाले आणि आवाज बसला. चौकोनी पट्टीचा आवाज वेगळा असतो, पण पुढच्या पट्टीच्या कडेला रबर लाव, ते वाया जाणार नाही.

दुसरी, गंज. लोखंडी पाईप बाहेरून कितीही रेड ऑक्साइड मारून रंगवा, ती आतून सडते. माझ्या पुढच्या पाईपला एका पावसाळ्यानंतर बोटानं दाबलं तर खड्डा पडला. टोकं बंद केली होती, तरी बोल्टच्या भोकातून पाणी शिरत होतं. लोखंड घ्यायचं तर खालच्या बाजूला पाणी निघायला भोक ठेवलंच पाहिजे.

आणि मुलगा म्हणाला म्हणून लिहितो: मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीत मूळ नोंदीपेक्षा वेगळे बदल करायला मनाई करतं. पुढच्या लोखंडी गार्डवर 2017 मध्ये केंद्राचं पत्र निघालं ते याच कलमाखाली. छताला भोक न पाडता, चार पान्यांनी निघणारा कॅरियर आणि कायमचा वेल्ड केलेला सांगाडा यांत मी तरी फरक करतो. माझा सल्ला, प्रवास संपला की उतरवून ठेव. आठ किलोचा असेल तर एकटा उतरवशील. माझ्या कॅरियरला दोन माणसं लागायची, म्हणून तो वीस वर्षं उतरलाच नाही.

चोरलवारी
काका, उतरवून ठेवायचं म्हणालात, ते मला पहिल्यांदा पटलं. रिकामा कॅरियर वर्षभर वागवणं हे सगळ्यात वाईट. वारा अडतो, पेट्रोल जातं आणि एक दिवस माणूस म्हणतो की जागा आहेच तर अजून एक पेटी ठेवू. मी अजूनही म्हणेन की छत रिकामं असावं. पण जिम्नीवाले दादा, निदान वरच्या वजनाची चिठ्ठी ड्रायव्हरच्या सनशेडला चिकटवा. 22 लिहा आणि त्यावर जाऊ नका. पाट्या मधोमध आणि पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्ये, मागच्या टोकाला नकोत.

पत्रा आणि पाईप
काकांच्या दोरीचा उपाय मी गिऱ्हाइकांना सांगणार. गटरचा मुद्दाही मान्य, त्या बाजूनं मी विचार केला नव्हता. पट्ट्या अ‍ॅल्युमिनियमच्या ठेव, भांडत नाही.

पण पाय अ‍ॅल्युमिनियमचे करणार असशील तर आत्ताच थांब. पाय म्हणजे वाकवलेली पट्टी, सगळा हादरा त्या वाकावर. अ‍ॅल्युमिनियम वारंवार हलवलं की कितीही कमी ताणाला कधीतरी तडकतं. लोखंडाला एक पातळी असते, ताण त्याखाली राहिला तर ते वर्षानुवर्षं चालतं. सिमरोल घाटातले खड्डे त्या वाकाला दिवसात हजार वेळा हलवतील. पाय 5 मिमीच्या एमएस पट्टीचेच हवेत, प्रत्येकी 10 सेंटीमीटर लांब म्हणजे गटरवर भार पसरेल. सहाही पाय मिळून तीन किलो.

लोकमान्यनगरचा जिम्नीवाला
हे कबूल. पाय लोखंडाचे. मी आठ किलो धरले होते त्यात तीन पायांचेच होते, फक्त धातू ठरवला नव्हता. गटर आणि पाय यांच्या मध्ये 3 मिमी रबर घालतो, नाहीतर रंग खरवडून तिथूनच गंज सुरू होईल. नट नायलॉक, म्हणजे हादऱ्यानं सहज न सुटणारे. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर सगळे परत आवळणार. ताई, चिठ्ठी लावतो, 22 चीच.

भाऊ, पाय तुमच्याकडेच वाकवून घेईन. शनिवारी सकाळी येऊ?

पत्रा आणि पाईप
अकरानंतर ये. गटरचं माप कागदावर लिहून आणू नकोस, जाड पुठ्ठा कापून त्याचा साचा आण, डावीकडचा वेगळा आणि उजवीकडचा वेगळा.