चित्रावरून रंगवलेली लोकर : चित्र लडीत शोधायचं की विणीत?

सुलटउलट (धागाकर्ती)

हाताने रंगवलेल्या लोकरीच्या लड्या चित्रांच्या नावाने मिळायला लागल्यापासून एक गोष्ट खटकतेय, म्हणून हा धागा. व्हॅन गॉगचं 'स्टारी नाइट' असो, मोनेची कमळतळी असोत की क्लिम्टचं 'द किस', रीत एकच: चित्रातले पाच-सहा रंग वेचायचे आणि एकाच लडीवर शेजारीशेजारी चढवायचे. पीळ घालून ठेवलेल्या लडीवरून नजर हटत नाही. विणायला घेतली की चित्र गायब, हातात उरते ठिपक्याठिपक्यांची शाल.

माझं मत स्पष्ट आहे. चित्राचे रंग वेगवेगळ्या एकरंगी लड्यांवर चढवावेत. कुठला रंग कुठे आणि किती यायचा, ते विणणारीने ठरवावं. १८८९ च्या 'स्टारी नाइट'मध्ये निळ्याचा एवढा मोठा विस्तार आहे, म्हणून त्यातली पिवळी चांदणी पेटते. निळा-पिवळा निम्मेनिम्मे केलात की ते चित्र संपलंच.

वरून सुरू केलेली त्रिकोणी शाल बघा. आधी मोजके टाके, मग दर दोन ओळींना चार वाढवायचे, शेवटी तीनशेच्या वर. लडीवर वीतभर पिवळा असेल, तर बारीक लोकरीत त्यातून साधारण तेरा टाके निघतात. मानेजवळ ती अख्खी पिवळी ओळ होते, खालच्या काठाशी तोच पिवळा म्हणजे नुसती रेघोटी. मधेच कुठेतरी ओळीची लांबी आणि रंगांचा फेरा यांचा मेळ बसतो आणि एकाच रंगाचे डाग एकावर एक साचत जातात. हे चित्रकाराने योजलेलं नसतं, रंगवणारीनेही नाही. मग चित्राचं नाव कशाच्या जोरावर?

निळाई

गणित बरोबर आहे, निष्कर्ष अजिबात पटला नाही. मी लोकर रंगवते, त्यामुळे हे मनापासून लिहितेय.

भिजवलेली लड सायट्रिक ॲसिडच्या किंवा व्हिनेगरच्या पाण्यात उकळीच्या जरा खाली ठेवली की लोकर रंग ओढून घेते आणि पाणी हळूहळू नितळ होतं. दोन रंगांच्या हद्दीवर काय होईल ते पूर्णपणे माझ्या हातात नसतं. जांभळा मिश्र रंग असेल, तर त्यातला गुलाबी आणि निळा वेगवेगळ्या वेगाने बसतात आणि कडेला गुलाबी झाक सुटते. ती झाक मला चित्राच्या जवळ नेते, कारण चित्रातला जांभळाही कधी सपाट नसतो. एकरंगी लड्या घेऊन चित्र मोजूनमापून उतरवायचं असेल, तर चित्राचं छापील पोस्टरच अंगावर घ्यावं.

आणि प्रमाण, रंग जपायचे म्हणता, ते नेमके कुठले? व्हॅन गॉगने १८८८ मध्ये फ्रान्समधल्या आर्ल्स गावातल्या आपल्या खोलीचं चित्र काढलं. त्यातल्या भिंती फिकट जांभळ्या असल्याचं त्याने स्वतः पत्रात लिहिलंय. आज त्या निळ्या दिसतात, कारण त्यातला लाल उडून गेलाय. मी जांभळी लोकर रंगवली तर लोक म्हणतील चुकली, निळी रंगवली तर तो रंग त्याने लावलेलाच नव्हता. चित्रं स्वतःच बदलतात. लोकरीने मात्र जागेवर थांबावं, हा आग्रह कशाला?

तिसरीसुई

एक वेगळा मुद्दा, थोडक्यात. मोने १९२६ मध्ये गेला, त्याच्या चित्रांना हात लावायला हरकत नाही. अमूर्त चित्रकार रॉथ्को मात्र १९७० मध्ये गेला आणि अनेक देशांत चित्रकाराच्या मृत्यूनंतर ७० वर्षं कॉपीराइट टिकतो, म्हणजे त्याच्या चित्रांवर तिथे अजून हक्क आहे. रंगांवर कुणाची मालकी नसते हे खरं, पण हयात चित्रकाराचं नाव लावून लड्या विकायच्या, तर आधी त्याला विचारावं. एवढी तरी रीत पाळू या.

उभाधागा

सुलटउलट ताईंच्या बाजूने बोलते, पण कारण दुसरं आहे.

मिशेल शेवरल हा रसायनशास्त्रज्ञ १८२४ मध्ये पॅरिसच्या गोबलँ कारखान्यात रंगाई विभागाचा प्रमुख झाला. तिथे चित्रं विणून गालिचे-पडदे बनत. तक्रार अशी होती की निळ्या-जांभळ्याशेजारी विणलेला काळा धागा फिका पडतो. त्याने तपासलं, तर काळ्या रंगात काहीच खोट नव्हती. शेजारचा रंग डोळ्याला फसवत होता. त्यावरचं त्याचं पुस्तक १८३९ मध्ये आलं आणि पुढे चित्रकारांनी ते उचलून धरलं. म्हणजे ही विद्या चित्रकलेत गेली ती लोकरीतूनच. व्हॅन गॉगकडे लाल लाखेच्या पेटीत लोकरीचे छोटे गुंडे असत, वेगवेगळ्या रंगांचे धागे एकत्र करून तो जोड्या तपासायचा. ती पेटी ॲम्स्टरडॅमच्या संग्रहालयात आहे.

म्हणून माझं म्हणणं असं की रंगाची खरी किंमत शेजारामुळे ठरते आणि शेजार ठरवायचं काम विणीचं. रंगीत लड टाकून द्यायला नको. तिच्यासोबत एक गडद एकरंगी लोकर घ्या. दोन ओळी गडद, दोन ओळी रंगीत, आणि गडद ओळी विणताना दर चौथा रंगीत टाका न विणता तसाच पुढच्या सुईवर सरकवा. तो टाका ओढला जाऊन गडद पट्टीवर उभा राहतो, ब्रशच्या एका फटकाऱ्याएवढा. डाग साचत नाहीत आणि लडीतला प्रत्येक रंग सुटा दिसतो. जाळीची वीण मात्र रंगीबेरंगी लोकरीत करूच नका, भोकं आणि रंग एकमेकांना गिळतात.

निळाई

जाळीबद्दल सहमत. सरकवलेल्या टाक्यांची शाल सुंदर होते, पण जड आणि घट्टही होते, खांद्यावर पडत नाही. दोन्हीकडून सुलट विणा, दोन लड्या दर दोन ओळींनी आलटून-पालटून घ्या, डाग बऱ्यापैकी मोडतात. मोनेच्या शेवटच्या कमळतळ्यांना कडाच नाहीत. पाणी, आकाश, पानं सगळं एकात एक मिसळलेलं. तिथे रंगांनी आपल्या मनाने पसरणं हेच त्या चित्राशी इमान आहे.

सुलटउलट

मोनेपुरतं मान्य. क्लिम्टपुरतं मुळीच नाही. १९०७-०८ च्या 'द किस'मध्ये पुरुषाच्या वस्त्रावर काळे-पांढरे उभे चौकोन आहेत आणि स्त्रीच्या वस्त्रावर गोल, फुलासारखे आकार. दोघं एका सोनेरी आवरणात असूनही वेगळे कळतात ते या आकारांमुळे. सोनेरी, काळा आणि जांभळा एका लडीवर ओतलेत की त्या दोघांचा चिखल होतो. आकार फक्त सुया देऊ शकतात, रंगाचं पातेलं नाही. तेव्हा लडीवर चित्राचं नाव घालणाऱ्यांनी निदान विणलेला चौकोनी नमुना सोबत दाखवावा.

निळाई

चौकोनी नमुना त्रिकोणी शालीबद्दल काहीच सांगत नाही, तुम्हीच वर दाखवून दिलंत. दाखवायचेच तर दोन दाखवावे लागतील, एक पन्नास टाक्यांचा, एक तीनशेचा. तेवढी लोकर नमुन्यात घालायला मी तयार आहे. चित्राचं नाव मात्र काढणार नाही.